सोन्यावर स्वतःहून रचला जाणारा रेणूंचा थर : नव्याने प्रयोग करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

सोन्याचा पातळ लेप दिलेली काचेची पट्टी थायॉलच्या, म्हणजे एका टोकाला गंधक असलेल्या सेंद्रिय रेणूच्या, विरळ द्रावणात रात्रभर बुडवून ठेवली, की सकाळपर्यंत तिच्यावर एकाच रेणूच्या जाडीचा, दाट आणि शिस्तबद्ध थर तयार झालेला असतो. हा थर कोणी फासत नाही, फवारत नाही किंवा तापवून बसवत नाही. द्रावणातले रेणू स्वतःच पृष्ठभागापर्यंत येतात, चिकटतात, एकमेकांना सरकवून जागा करून घेतात आणि शेवटी एका ठरावीक अंतरावर, एका ठरावीक कोनात उभे राहतात. प्रयोग करणाऱ्याचे काम बुडवण्याच्या आधी आणि नंतर असते, आणि माझ्या मते नव्या विद्यार्थ्याचे निम्म्याहून अधिक प्रयोग बुडवण्याच्या आधीच बिघडलेले असतात. म्हणून या लेखात त्या आधीच्या कामावर जास्त भर दिला आहे.

छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, जालन्यातील रसायन तंत्रज्ञान संस्थेचा परिसर आणि मराठवाड्यातील जिल्ह्या-तालुक्यांची महाविद्यालये येथे एम.एस्सी. करणारे किंवा संशोधनाला नुकतीच सुरुवात केलेले विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. महागडी उपकरणे हाताशी नसली तरी यातला बराच भाग करता येतो. मात्र येथील उन्हाळा, येथील पावसाळा आणि बोअरचे जड पाणी या तिन्हींचा या प्रयोगांशी थेट संबंध येतो. परदेशी प्रयोगपुस्तिका वातानुकूलित खोली गृहीत धरून लिहिलेल्या असल्यामुळे या गोष्टी त्यांत सहसा सापडत नाहीत.

थर बनतो म्हणजे काय होते

असा थर देणाऱ्या रेणूचे तीन भाग असतात. एका बाजूला पृष्ठभागाला धरणारे डोके असते. थायॉलमध्ये ते गंधकाचे असते. मध्ये कार्बनची लांब साखळी असते. दुसऱ्या बाजूला टोकाचा गट असतो, जो थर पूर्ण झाल्यावर बाहेरच्या जगाला सामोरा जातो. पृष्ठभाग पाण्याला दूर सारणार की जवळ करणार, त्यावर प्रथिने चिकटणार की नाही, हे हा टोकाचा गट ठरवतो. टोकाला मिथिल गट असेल तर पाण्याचा थेंब मण्यासारखा गोल राहतो. हायड्रॉक्सिल किंवा कार्बॉक्सिल गट असेल तर तोच थेंब पसरतो.

गंधक आणि सोने यांच्यातील बंध साधारण १७० ते २०० किलोज्यूल प्रति मोल इतका बळकट असतो. साखळीतील प्रत्येक मिथिलीन गटाचे शेजारच्या साखळीशी असलेले आकर्षण त्या मानाने फारच दुबळे, म्हणजे ४ ते ८ किलोज्यूल प्रति मोल इतकेच असते. पण पंधरा-सोळा गटांचे आकर्षण एकत्र आले की साखळ्या एकमेकींना घट्ट बिलगतात. बंध बळकट असतो म्हणून थर टिकतो. तो नीटस होतो तो मात्र रेणूंना हालचालीची मुभा राहते म्हणून. चुकीच्या जागी बसलेला रेणू सोन्याच्या पृष्ठभागावर सरकू शकतो, क्वचित सुटून द्रावणात परत जातो आणि त्याची जागा दुसरा घेतो. चूक दुरुस्त होण्याची ही सोय नसेल, तर थर नुसताच चिकटतो, त्यात रचना येत नाही. ही गोष्ट मनात पक्की ठेवली, तर पुढच्या प्रत्येक पायरीचे कारण आपोआप कळत जाते.

साखळ्या सरळ उभ्या न राहता का कलतात, हे एका साध्या गणिताने पाहता येते. सोन्याच्या ज्या पृष्ठभागावर अणू षट्कोनी मांडणीत असतात, त्यावर दोन गंधकांमधील अंतर सुमारे ०.५ नॅनोमीटर असते आणि प्रत्येक रेणूच्या वाट्याला ०.२१६ चौरस नॅनोमीटर जागा येते. कार्बन साखळीचा स्वतःचा आडवा छेद मात्र ०.१९ चौरस नॅनोमीटरहून थोडा कमीच भरतो. साखळी ताठ उभी राहिली तर शेजारणींमध्ये फट उरते. ती फट भरून काढण्यासाठी सगळ्या साखळ्या सुमारे ३० अंशांनी एकाच बाजूला झुकतात, वाऱ्याने एका दिशेला कललेल्या ज्वारीच्या ताटांसारख्या. ०.२१६ ला ३० अंशांच्या कोज्येने, म्हणजे ०.८६६ ने गुणले की ०.१८७ येते, आणि साखळीचा छेद नेमका तेवढाच असतो. चांदीवर गंधक अधिक जवळजवळ बसतात, त्यामुळे तेथे कल १० ते १५ अंशांवरच थांबतो.

हे ज्ञान एका दिवसात आलेले नाही. आग्नेस पॉकेल्स यांनी घरच्या घरी पाण्यावरील तेलकट थरांची मोजमापे केली आणि ती १८९१ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाली. लँगम्युर यांनी १९१७ मध्ये हे थर एकाच रेणूच्या जाडीचे असतात हे मांडले आणि पुढे कॅथरीन ब्लॉजेट यांनी ते घन पृष्ठभागावर उचलून घेण्याची पद्धत विकसित केली. द्रावणातून घन पृष्ठभागावर थर स्वतःहून बसतो हे १९४६ मध्ये बिगलो, पिकेट आणि झिस्मन यांनी दाखवले. काचेवरील सिलेनचे, म्हणजे सिलिकॉनयुक्त सेंद्रिय रेणूंचे, थर सागिव्ह यांनी १९८० मध्ये आणि सोन्यावरील गंधकयुक्त रेणूंचे थर नुझ्झो व अलारा यांनी १९८३ मध्ये मांडले, आणि तेथून या विषयाला वेग आला.

पहिली पायरी : जोडी निवडणे

कोणताही रेणू कोणत्याही पृष्ठभागावर असा थर देत नाही. सोने, चांदी आणि तांबे यांच्यासाठी थायॉल वापरतात. काच आणि सिलिकॉन यांच्यासाठी सिलेन. ॲल्युमिनियम, टायटॅनियम आणि इंडियम-टिन ऑक्साइड यांच्या ऑक्साइड पृष्ठभागांसाठी फॉस्फॉनिक आम्ले. नव्या माणसाने सोने आणि हेक्झाडेकेनथायॉल या जोडीपासून सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे. सोने हवेत सहज ऑक्सिडाइज होत नाही, दमटपणाचा या अभिक्रियेवर फारसा परिणाम होत नाही आणि सोळा कार्बनची साखळी चांगली रचना देण्याइतकी लांब असते. आठ-दहा कार्बनपेक्षा आखूड साखळ्यांचे थर सैल राहतात, आणि आखूड थायॉलचा वासही अधिक उग्र असतो.

हेक्झाडेकेनथायॉलचा वितळणबिंदू सुमारे १८ ते २० अंश सेल्सिअस आहे. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे पारा १० अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा बाटलीतले रसायन पांढरे गोठलेले दिसेल. ते खराब झालेले नसते. बंद बाटली कोमट पाण्यात थोडा वेळ धरली की ते पातळ होते आणि मगच पिपेटने घ्यावे.

सोन्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे काचेवर किंवा सिलिकॉनवर २ ते ५ नॅनोमीटर क्रोमियम अथवा टायटॅनियम आणि त्यावर १०० नॅनोमीटर सोने बाष्पीभवनाने चढवलेली पट्टी. खालचा धातू केवळ चिकटण्यासाठी असतो, कारण सोने काचेला थेट धरत नाही. दुसरा मार्ग महाविद्यालयांना अधिक परवडणारा आहे: विद्युतरसायनात वापरतात तो सोन्याचा चकती इलेक्ट्रोड. तो ॲल्युमिनाच्या पावडरने घासून पुन्हापुन्हा वापरता येतो आणि थर चांगला बसला की नाही हेही त्याच इलेक्ट्रोडवर तपासता येते.

दुसरी पायरी : पृष्ठभाग स्वच्छ करणे

नुकतेच स्वच्छ केलेले सोने पाण्याने छान भिजते. पण हवेत उघडे राहिले की काही मिनिटांतच हवेतील सेंद्रिय अंश त्यावर बसू लागतात आणि पाण्याचा स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, वाढत ६०-८० अंशांपर्यंत जातो. स्वयंपाकघरातून आलेला तेलाचा वास, बाहेर चालू असलेल्या जनरेटरचा धूर, हाताला लावलेले क्रीम, व्हॅक्यूम पंपाचे तेल आणि सिलिकॉन ग्रीस हे सगळे सोन्याचे दावेदार असतात. थायॉल बळकट असल्यामुळे यांतल्या बऱ्याच जणांना तो हुसकावून लावतो, पण सर्वांना नाही, आणि जे उरतात त्यांच्याभोवती थरात भोके राहतात.

स्वच्छतेचा क्रम असा ठेवावा. पट्टी कडेला चिमट्याने धरून आधी साबणाच्या पाण्याने, मग भरपूर पाण्याने आणि मग डिस्टिल्ड पाण्याने धुवावी. येथे एक स्थानिक काळजी सांगणे भाग आहे. मराठवाड्यातील बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. ते सोन्यावर सुकले तर पांढरे डाग सोडतात, आणि कार्बॉक्सिल टोक असलेल्या थरावर किंवा फॉस्फॉनिक आम्लांवर कॅल्शियम चक्क बंध करून बसतो. त्यामुळे शेवटच्या दोन-तीन धुण्यांसाठी डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड पाणीच वापरावे. घरगुती आरओ यंत्राचे पाणी पिण्यासाठी असते. त्यात क्षार मुद्दाम ठेवलेले असतात, म्हणून ते येथे चालत नाही. पाणीटंचाईच्या महिन्यांत धुण्याचे पाणी वाचवायचे असेल तर आधीच्या धुण्यांत वाचवावे, शेवटच्या धुण्यात नाही.

यानंतर इथेनॉलने धुऊन पट्टी यूव्ही-ओझोन यंत्रात १० ते १५ मिनिटे ठेवावी. ओझोनमुळे सेंद्रिय मळ जळून जातो, पण सोन्यावर ऑक्साइडचा पातळ थर येतो. तो घालवण्यासाठी पट्टी १५-२० मिनिटे शुद्ध इथेनॉलमध्ये बुडवून ठेवावी आणि तेथून थेट थायॉलच्या द्रावणात न्यावी. मध्ये तिला टेबलावर विसावा देऊ नये.

जुन्या पुस्तकांत आणि शोधनिबंधांत पिरान्हा द्रावणाचा, म्हणजे संहत सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या मिश्रणाचा उल्लेख वारंवार येतो. ते मिश्रण स्वतःहून उकळण्याइतके तापते, ॲसिटोन किंवा इथेनॉलचा अंश मिळाला तर स्फोट होऊ शकतो आणि झाकण लावलेल्या बाटलीत ठेवले तर वायू साचून बाटली फुटते. नव्या विद्यार्थ्याने ते एकट्याने कधीही बनवू नये. यूव्ही-ओझोन यंत्र नसेल तर अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखालीच पर्याय ठरवावा. चकती इलेक्ट्रोड वापरत असाल तर ॲल्युमिनाने घासणे आणि विरळ सल्फ्युरिक आम्लात विद्युतरासायनिक पद्धतीने साफ करणे पुरेसे असते.

तिसरी पायरी : द्रावण

प्रचलित प्रमाण १ मिलिमोल प्रति लिटर इतके आहे. हेक्झाडेकेनथायॉलचे मोलर वस्तुमान २५८.५ असल्यामुळे ५० मिलिलिटर इथेनॉलसाठी सुमारे १३ मिलिग्रॅम, म्हणजे मायक्रोपिपेटने सुमारे १५ मायक्रोलिटर पुरते. इतके कमी का लागते आणि तरीही ते गरजेपेक्षा किती जास्त आहे, हे एकदा स्वतः मांडून पाहावे. १ चौरस सेंटिमीटर सोन्यावर सुमारे ४.५ × १०^१४ रेणू बसतात, म्हणजे जेमतेम ०.७५ नॅनोमोल. अशी पट्टी १० मिलिलिटर द्रावणात बुडवली तर त्या द्रावणात १० मायक्रोमोल थायॉल असतो, म्हणजे लागतो त्याच्या तेरा हजार पटींहून जास्त.

आता याच गणिताची दुसरी बाजू पाहा. त्या थायॉलमध्ये एक टक्का दुसराच एखादा गंधकयुक्त पदार्थ मिसळलेला असेल, तर त्याचे १०० नॅनोमोल द्रावणात हजर असतात. एवढा अशुद्ध पदार्थ तशा शंभराहून अधिक पट्ट्या झाकायला पुरतो. सोन्याशी त्याचा बंध अधिक घट्ट असेल, तर तुमच्या थरात तुम्ही मागवलेल्या रसायनापेक्षा त्याचेच प्रमाण वाढू शकते. म्हणून बाटलीवरील शुद्धता वाचावी, जुनी अर्धवट बाटली 'अजून चालेल' म्हणून वापरू नये आणि एका थायॉलच्या द्रावणात बुडवलेला चिमटा न धुता दुसऱ्यात बुडवू नये. भांडीही प्रत्येक थायॉलसाठी वेगळी ठेवणे सर्वांत बरे.

इथेनॉल शुद्ध असावे. रंग किंवा उग्र पदार्थ घालून पिण्यास अयोग्य केलेले स्पिरिट या कामाला उपयोगाचे नाही, कारण त्यात घातलेले पदार्थ सोन्यावर बसतात. शुद्ध इथेनॉल महाविद्यालयाच्या परवान्यावर रीतसर मागवावे लागते आणि त्याला वेळ लागतो, म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच मागणी नोंदवावी. द्रावण बनवल्यावर त्यातून १० मिनिटे नायट्रोजनचे बुडबुडे सोडले तर विरघळलेला ऑक्सिजन निघून जातो आणि थायॉलचे ऑक्सिडीकरण टळते. भांडे काचेचे असावे. प्लॅस्टिकमधून इथेनॉलमध्ये मऊपणा आणणारी रसायने उतरतात. सगळे काम फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वायू बाहेर खेचून घेणाऱ्या कपाटात, करावे. वास लागलेली भांडी सौम्य ब्लीचच्या द्रावणात बुडवून ठेवली की वास जातो, पण ब्लीचमध्ये आम्ल पडू देऊ नये, कारण त्यातून क्लोरीन वायू बाहेर पडतो.

चौथी पायरी : बुडवणे आणि थांबणे

पट्टी सोन्याची बाजू वर किंवा उभी राहील अशा रीतीने द्रावणात सोडावी आणि झाकण घट्ट लावून १८ ते २४ तास हलवू नये. मे महिन्यात खोलीचे तापमान ३८-४० अंशांवर असते; झाकण सैल राहिले तर रात्रीतून इथेनॉल उडून पट्टीचा वरचा भाग उघडा पडतो. पातळीच्या रेषेवर मग डाग राहतो आणि त्या रेषेच्या दोन्ही बाजूंची मोजमापे वेगळी येतात.

या वेळात काय घडते हे ठाऊक असले तर थांबण्याचा कंटाळा येत नाही. पहिल्या काही सेकंदांत रेणू पृष्ठभागावर येऊन आडवे पडतात. स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपने पॉयरियर आणि पायलंट यांनी १९९६ मध्ये घेतलेल्या चित्रांत हे आडवे रेणू पट्ट्यापट्ट्यांनी मांडलेले स्पष्ट दिसतात. गर्दी वाढली की आडवे पडायला जागा उरत नाही आणि उभ्या रेणूंची छोटी बेटे तयार होऊ लागतात. बेटे वाढत एकमेकांना भिडतात. काही मिनिटांतच पृष्ठभाग ८०-९० टक्के झाकलेला असतो, आणि स्पर्शकोन पाहिला तर काम झाल्यासारखे वाटते. उरलेले सगळे तास त्या दाटीत रचना येण्यासाठी लागतात: वाकड्या साखळ्या सरळ होतात, बेटांच्या हद्दीवरील भोके भरतात, आधी बसलेला मळ हळूहळू बाहेर ढकलला जातो. या काळात सोन्याचा पृष्ठभागही स्थिर नसतो. त्यावर एक अणू खोल, म्हणजे ०.२४ नॅनोमीटरचे छोटे खड्डे पडतात, कारण गंधकाबरोबर सोन्याचे काही अणूही जागा सोडून वर येतात. 'पाण्याचा थेंब गोल दिसतो, आता काढून टाकू' असे म्हणून तासाभरात पट्टी बाहेर काढणे हा या पायरीतला सर्वांत मोठा मोह आहे आणि तो टाळलाच पाहिजे.

वेळ झाल्यावर पट्टी बाहेर काढून इथेनॉलने दोन्ही बाजूंनी धुवावी. त्यामुळे थरावर सैल पडून राहिलेले जास्तीचे रेणू निघून जातात. बंध केलेले जात नाहीत. मग डिस्टिल्ड पाण्याने धुऊन नायट्रोजनच्या हलक्या झोताने वाळवावी. तोंडाने फुंकू नये आणि कागदाने पुसू नये.

पाचवी पायरी : थर चांगला बसला का हे पाहणे

पहिली तपासणी पाण्याच्या थेंबाची. पट्टी सपाट ठेवून मायक्रोपिपेटने ३ ते ५ मायक्रोलिटर पाण्याचा थेंब सोडावा, मोबाइलचा कॅमेरा पट्टीच्या पातळीला आडवा ठेवून, मागे एकसारखा उजेड घेऊन फोटो काढावा आणि इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्पर्शकोन मोजावा. हेक्झाडेकेनथायॉलच्या चांगल्या थरावर तो ११० अंशांच्या आसपास किंवा थोडा अधिक येतो. पट्टीवर पाच-सहा वेगवेगळ्या ठिकाणी थेंब घ्यावेत, कारण एका जागी आलेला चांगला आकडा पूर्ण थराची हमी देत नाही. १०० अंशांच्या खाली आकडा आला तर थर अपुरा किंवा मळलेला आहे असे समजावे. पाण्यापेक्षा हेक्झाडेकेन या तेलकट द्रवाचा थेंब अधिक चोखंदळ असतो: नीट रचलेल्या मिथिल थरावर तो ४५ ते ५० अंशांचा कोन करतो आणि साखळ्या विस्कळीत असतील तर लगेच पसरू लागतो.

दुसरी तपासणी पोटेन्शिओस्टॅट, म्हणजे इलेक्ट्रोडचे व्होल्टेज ठरवून प्रवाह मोजणारे यंत्र, असलेल्या विभागात सहज होते. ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये काही मिलिमोलर पोटॅशियम फेरोसायनाइड घेऊन आधी उघड्या सोन्याच्या चकतीवर सायक्लिक व्होल्टॅमोग्रॅम, म्हणजे व्होल्टेज पुढे-मागे नेताना प्रवाह कसा बदलतो याचा आलेख, काढावा. त्यात जाता-येता दोन स्पष्ट शिखरे दिसतात. त्याच चकतीवर थर बसवून पुन्हा काढला की शिखरे नाहीशी होऊन जवळजवळ सपाट रेषा मिळते, कारण २ नॅनोमीटर जाडीचा हा थर आयनांना सोन्यापर्यंत पोहोचू देत नाही. थरात भोके असतील तर प्रवाह थोडाफार वाहतो आणि आलेखाचा आकार बदलतो. मला विचाराल तर मराठवाड्यातील छोट्या प्रयोगशाळेसाठी ही सर्वांत उपयुक्त तपासणी आहे: खर्च कमी, उत्तर लगेच आणि भोकांबद्दल थेट माहिती. काम झाल्यावर ०.५ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उणे १ व्होल्टच्या आसपास नेले की थर सुटतो आणि चकती पुन्हा वापरता येते.

पुढच्या तपासण्यांसाठी मोठ्या केंद्रात नमुना पाठवावा लागतो. परावर्तित अवरक्त वर्णपटात मिथिलीनचे शिखर २९१८ प्रति सेंटिमीटरवर आले तर साखळ्या सरळ व दाट आहेत; ते २९२४ च्या पुढे सरकले तर त्या द्रवासारख्या विस्कळीत आहेत. एक्स-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटात सोन्याला बांधलेले गंधक १६२ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ दिसते, न बांधलेले १६४ च्या जवळ आणि ऑक्सिडाइज झालेले १६८ च्या जवळ. १६८ च्या जवळ शिखर दिसले तर नमुना जुना झाला आहे असे समजावे.

काचेवर सिलेन : ऋतू पाहून

सोन्यावर हात बसल्यावर काचेकडे वळावे. ऑक्टाडेसिल ट्रायक्लोरोसिलेन काचेच्या पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गटांशी आणि शेजारच्या सिलेनशीही बंध करते, त्यामुळे तयार थर थायॉलच्या थरापेक्षा टणक आणि टिकाऊ होतो. पण हे बंध एकदा झाले की सुटत नाहीत. थायॉलला मिळते ती चूक दुरुस्त करण्याची संधी येथे जवळजवळ नसते, आणि म्हणून परिस्थिती पहिल्यापासूनच नेमकी ठेवावी लागते.

या परिस्थितीत पाणी सर्वांत महत्त्वाचे. काचेवर पाण्याचा अगदी पातळ पापुद्रा हवा असतो, कारण त्यावरच सिलेनचे क्लोरीन निघून हायड्रॉक्सिल येते आणि रेणूला सरकायला वाव मिळतो. अगदी कोरड्या काचेवर थर अपुरा राहतो. उलट टोल्युइनच्या द्रावणातच पाणी शिरले तर सिलेन आपसांत जुळून पांढरे कण बनतात आणि ते काचेवर खडबडीत डाग होऊन बसतात. ऑगस्टमध्ये पावसाची झड लागलेली असताना बाटलीचे झाकण काही वेळा उघडले तरी तोंडाशी पांढरे कवच धरते. अशी बाटली पुढच्या प्रयोगासाठी विश्वासाची राहत नाही. बाटली डिसिकेटरमध्ये ठेवावी, लागेल तेवढेच कोरड्या सिरिंजने घ्यावे आणि हूडमध्येच उघडावी, कारण पाण्याशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो.

दुसरी गोष्ट तापमानाची. ऑक्टाडेसिल ट्रायक्लोरोसिलेनचा नीटस थर सुमारे २८ अंश सेल्सिअसच्या खाली बसतो. त्याच्या वर साखळ्या सैल राहतात आणि तयार होणाऱ्या थराची घनता कमी भरते. मार्चपासून जूनपर्यंत आपल्याकडे पंख्याखालची खोली या मर्यादेच्या कितीतरी वर असते. वातानुकूलन नसेल तर द्रावणाचे भांडे थंड पाण्याच्या पात्रात ठेवून तापमापी लावावी. माझा सल्ला मात्र साधा आहे: सिलेनचे पहिले प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात उरकावेत, तेव्हा हवा कोरडी आणि गार दोन्ही असते. प्रयोगवहीत प्रत्येक नमुन्यासमोर खोलीचे तापमान आणि आर्द्रता लिहावी. साध्या आर्द्रतामापीने हे काम होते, आणि दोन नमुने वेगळे का आले याचे उत्तर अनेकदा त्या दोन आकड्यांतच सापडते.

चांदीवर एक प्रयोग

छत्रपती संभाजीनगरात बिदरी काम अजूनही होते. जस्त आणि थोडे तांबे यांच्या काळ्या केलेल्या मिश्रधातूत चांदीची तार किंवा पत्रा बसवून ही नक्षी करतात, आणि काही काळाने हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदी पिवळट-काळपट पडते. चांदीवर थायॉलचा थर बसवला तर ही प्रक्रिया मंदावते. वर्गात दाखवायला याहून चांगला प्रयोग नाही.

सराफाकडून शुद्ध चांदीच्या पातळ पत्र्याचे दोन छोटे तुकडे घ्यावेत. दोन्ही ॲल्युमिनियम फॉइलवर ठेवून गरम पाणी आणि खाण्याचा सोडा यांच्या द्रावणात काळेपणा जाईपर्यंत ठेवावेत, डिस्टिल्ड पाण्याने आणि इथेनॉलने धुवावेत. एक तुकडा लगेच हेक्झाडेकेनथायॉलच्या द्रावणात काही तास बुडवावा, दुसरा तेवढाच वेळ नुसत्या इथेनॉलमध्ये. धुऊन वाळवल्यावर दोघांवर पाण्याचा एकेक थेंब टाकून फरक पाहावा. मग उकडलेल्या अंड्याच्या कुस्करलेल्या बलकाबरोबर दोन्ही तुकडे एका बंद बरणीत, बलकाला न टेकता ठेवावेत. बलकातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडने उघडा तुकडा आधी पिवळा, मग तपकिरी होत जातो. थर असलेला तुकडा मागे राहतो. तो कायमचा वाचत नाही, आणि काळवंडायला सुरुवात कोठून होते तेही पाहण्यासारखे असते, कारण ओरखडे आणि कडा या जागी थर सर्वांत कमकुवत असतो. हा प्रयोग घरातल्या जुन्या बिदरी वस्तूवर करू नये, कारण त्या काळ्या रंगावर रसायनांचा काय परिणाम होईल याची खात्री देता येत नाही. जेवणाच्या चांदीच्या भांड्यांवर तर मुळीच नको.

सौरघटांवर काम करणाऱ्यांसाठी थोडे

आपल्या भागातील अनेक विद्यार्थी पातळ थरांचे सौरघट किंवा वायुसंवेदक यांवर काम करतात. त्यांनी फॉस्फॉनिक आम्लांकडे जरूर लक्ष द्यावे. कार्बाझोल गट असलेल्या अशा रेणूंचा एकरेणवीय थर इंडियम-टिन ऑक्साइडवर बसवून पेरोव्स्काइट सौरघटात धनभार वाहून नेण्यासाठी वापरतात; २०२० मध्ये जाहीर झालेल्या २९.१५ टक्के कार्यक्षमतेच्या पेरोव्स्काइट-सिलिकॉन जोडघटात असाच थर होता. पद्धतही अवघड नाही: इथेनॉलमधील १ मिलिमोलर द्रावण स्पिन-कोट करून, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या पट्टीवर पसरवून, १०० अंशांवर १० मिनिटे तापवतात. वर सांगितलेली यूव्ही-ओझोनची स्वच्छता आणि जड पाण्याबद्दलची काळजी येथे जशीच्या तशी लागू होते.

साठवण आणि टाकाऊ द्रावण

थर बसलेल्या पट्ट्या शक्यतो त्याच दिवशी मोजाव्यात. हवेतील ओझोन आणि प्रकाश यांमुळे गंधकाचे सल्फोनेट होते आणि असा थर नुसत्या इथेनॉलच्या धुण्यानेही निघून जातो. ठेवायच्याच असतील तर नायट्रोजन भरलेल्या, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, अंधारात आणि गार जागी ठेवाव्यात. ७० अंशांच्या वर तापू लागल्या तर थर सुटायला लागतो, म्हणून उन्हाळ्यात नमुने गाडीत ठेवून एका गावाहून दुसऱ्या गावी नेताना थर्माकोलचा डबा वापरावा. वापरलेले थायॉलचे द्रावण बेसिनमध्ये ओतू नये. ते नाव आणि तारीख लिहिलेल्या वेगळ्या बाटलीत जमवावे आणि महाविद्यालयाच्या घातक कचऱ्याच्या व्यवस्थेकडे द्यावे. सिलेनचे उरलेले द्रावण त्याच बाटलीत मिसळू नये, त्यासाठी कोरडी, स्वतंत्र बाटली ठेवावी.